गहिनीनाथ आचाऱ्याची न प्यालेली दारू

लिंबागणेशच्या आसपासच्या पंधरा-वीस गावांत कुणाच्या घरी कार्य निघालं, की तारीख आधी भटजीला विचारायची का गहिनीनाथ आचाऱ्याला, यावर घराघरांत वाद व्हायचे. भटजी दुसरा मिळतो, गहिनीनाथ एकच. दोन हजार पानांची बुंदी तो नुसत्या अंदाजानं काढायचा. कढईसमोर बसून झारा आपटायला लागला, की शेजारच्या मंडपातला पखवाजवाला नकळत त्याच्याच ठेक्यात शिरायचा. देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय जिभेला काही लावायचं नाही, हा त्याचा नेम. मग मीठ कसं कळायचं? वाफेवरून. पातेल्यावर तोंड धरायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "शहादेव, मूठभर अजून." शहादेव म्हणजे वीस वर्षांपासूनचा त्याचा जोडीदार. तो मूठभर टाकायचा आणि भाजी बरोबर व्हायची. एकदा शहादेवानं मुद्दाम टाकलं नाही, नुसती मूठ उघडून झाकली. गहिनीनाथ पुन्हा वाफेवर वाकला आणि म्हणाला, "कुणाला फसवायलास बे?"

दारूचं म्हणाल तर थेंब माहीत नव्हता. बाप दारूपायी गेला. मांजरसुंब्याच्या चौकात पडलेल्या बापाला बैलगाडीत घालून आणायची पाळी गहिनीनाथावर शाळेच्या वयात तीनदा आली. तिसऱ्या वेळी बाप गाडीतच गेला. त्या वर्षी पोरानं गळ्यात माळ घातली ती आज अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत.

या स्वच्छ वागण्यामुळंच गावच्या सप्ताहाचा मान त्याच्याकडं आला. माघात मारुतीच्या देवळात सप्ताह बसतो. पहिल्या दिवशी सकाळी भट्टी पेटवायची, ती निर्व्यसनी माणसानंच, असा गावचा रिवाज. नारळ फोडायचा, कपाळाला भस्म लावायचं आणि सगळ्या गावासमोर मोठ्यानं म्हणायचं, "हात साफ हायत, तोंड साफ हाय." मग काडी ओढायची. बावीस वर्षं गहिनीनाथ हे म्हणत आला होता. पोराच्या लग्नात त्याला एवढं बरं वाटलं नव्हतं, एवढं त्या एका वाक्याला वाटायचं.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या आतड्याला पीळ पडला. बीडच्या दवाखान्यात पोट उघडलं तेव्हा लहान आतड्याचा बराचसा भाग काळा पडला होता. तो कापून टाकला, उरलेलं जोडलं. माणूस वाचला. घरी सोडताना डॉक्टरांनी सांगितलं, थोडं थोडं खा, गोड कमी खा. आता गोड कमी खा म्हटल्यावर आपल्याकडं एकच अर्थ निघतो. गहिनीनाथानं लगेच शुगर तपासली. ती अगदी बरोबर निघाली. "शुगर न्हाई तर गोडाचा काय संबंध?" असं म्हणून त्यानं तो सल्ला कागदासकट ट्रंकेत ठेवून दिला.

पहिला प्रकार घडला तो मांजरसुंब्याच्या एका लग्नात. पंगती उठल्यावर आचारी लोक जेवायला बसले. जिलेबी आणि मठ्ठा. गहिनीनाथाच्या पोटात सकाळपासून काही नव्हतं. त्यानं ताटभर जिलेबी खाल्ली आणि वर तीन वाट्या मठ्ठा घेतला. दुपारचे दोन वाजले असतील. पाच वाजता टेम्पोत भांडी चढवताना त्याचा पाय वाकडा पडायला लागला. जीभ जड झाली. "पातेलं उचल" म्हणायचं ते त्यानं तीनदा म्हटलं आणि तिन्ही वेळा कुणाला कळलं नाही. शेजारच्या ढाब्यावरचे चार टगे हसले. "आचाऱ्यानं टाकली रे!"

दुसऱ्या दिवशी तो ठणठणीत. पण आदल्या संध्याकाळचं त्याला नीट आठवेना. हेच त्याला खाऊ लागलं. बापालाही दुसऱ्या दिवशी आठवायचं नाही.

दुसरा प्रकार पौषात झाला, आणि तो भर देवळात झाला. दुपारी एका बारशाचं जेवण उरकून गहिनीनाथ सप्ताहाच्या बैठकीला आला. बैठकीला विजयसिंह होते. विजयसिंह म्हणजे माजी सरपंच, सत्तर एकरांचे धनी आणि सप्ताह कमिटीचे अध्यक्ष. कपडे असे कडक, की बसताना आवाज व्हायचा. त्यांनी विचारलं, "गहिनीनाथ, यंदा हरभऱ्याची डाळ किती लागंल?" गहिनीनाथ उठला, डोलला, खांबाला धरलं आणि काहीतरी बोलला. ते मराठी नव्हतं.

मग मागून कुणीतरी खिदळलं.

शहादेव धावला. मित्राचा उतारा करायचा म्हणून शेजारच्या घरातून तांब्याभर ताक आणलं, त्यात गुळाचा खडा चुरला आणि पाजलं. मनानं चांगलाच होता बिचारा. आपल्याकडं चढलेल्याला ताक पाजतात, तसं पाजलं. तासाभरात गहिनीनाथ आणखी बिघडला. जोरजोरानं श्वास घ्यायला लागला, बायकोला ओळखेना. कौशल्याबाईनं सगळ्यांसमोर त्याच्या तोंडाजवळ नाक नेलं.

"वास न्हाई," ती म्हणाली.

विजयसिंह म्हणाले, "कौशल्याबाई, आजकाल बिनवासाची बी मिळती."

कुणीतरी मोबाईलवर चित्र घेतलं होतं. रात्र व्हायच्या आत ते पंधरा गावांत फिरलं. पुढच्या बैठकीत ठरलं, यंदा भट्टी धारूरचा आचारी पेटवील. विजयसिंहांनी घरी येऊन स्वतः सांगितलं, एवढा मोठेपणा दाखवला. "तुझ्या हाताला नावं न्हाईत ठेवत कुणी. पन 'तोंड साफ हाय' कोन्त्या तोंडानं म्हणशील?"

त्या दिवशी सकाळीच गहिनीनाथानं एक गोष्ट पाहिली होती. तो न्हाणीतून येत होता, तर कौशल्याबाई त्याची सामानाची पिशवी उलटी करून झटकत होती. झारा पडला, कापडं पडली, तंबाखू खात नाही म्हणून चुन्याची डबीसुद्धा नाही. तिनं पिशवी पुन्हा भरली. तो दाराआड उभा राहिला, आणि गंमत अशी, की त्याला राग आला नाही. त्याला तिच्याबरोबर आत डोकावून बघावंसं वाटलं, खरंच काही आहे का म्हणून.

तोंडावर माणसं बोलेनात, पण दोन लग्नांच्या सुपाऱ्या परत गेल्या. मग कौशल्याबाईच त्याला बीडला घेऊन गेली. तिथल्या डॉक्टर मोहिनीबाईंनी डोक्याचा फोटो काढला, शुगर पाहिली, लिव्हर पाहिलं. आजारपण उलटून बरेच दिवस झाले होते. सगळं बरं होतं. पण बैठकीच्या दिवशी त्याला तालुक्याच्या ज्या दवाखान्यात नेलं होतं, तिथला कागद कौशल्याबाईनं जपून ठेवला होता. मोहिनीबाई तो कागद दोनदा वाचून म्हणाल्या, "त्या दिवशी रक्तात आम्ल खूप वाढलं होतं. असं आम्ल बहुतेक लॅक्टिकचं असतं. पण लॅक्टिक तर इथं नॉर्मल लिहिलंय. मग हे आम्ल कसलं, ते मला सांगता येत नाही."

"दारूचं असतंय का?" गहिनीनाथानं विचारलं.

"त्या दिवशी दारूची तपासणी केलेली दिसत नाही. आता करून उपयोग नाही."

तो घरी आला तो आणखी खचून. सप्ताहाला बारा दिवस राहिले होते.

त्याच आठवड्यात त्याची पुतणी प्रियदर्शनी गावी आली. ती संभाजीनगरला जीवरसायन शिकते, तिकडंच प्रयोगशाळेत पीएचडीचं काम करते. गावात तिला काय करतेस विचारलं, की ती आधी नीट सांगायची आणि मग कंटाळून "औषधाचं" म्हणायची. चुलत्याचा विषय कानावर आला तेव्हा तिनं आधी कागद मागितला. कौशल्याबाईनं ट्रंक उघडली, त्यात ऑपरेशनचा कागदही निघाला. दोन्ही कागद मांडीवर ठेवून पोरगी बसल्या जागी म्हणाली, "नाना, त्या दिवशी काय खाल्लं होतं?"

"बारशाचं. बुंदी, जिलेबी. मठ्ठा."

"आन् लग्नात?"

"जिलेबी-मठ्ठाच की."

"आन् वर शहादेवकाकानं ताक पाजलं, गूळ घालून?"

"व्हय."

तिनं कपाळावर हात मारला आणि हसलीच. "काकांनी आगीत तूप टाकलं हो!"

मग तिनं सांगितलं ते असं. लॅक्टिक आम्लाच्या दोन जाती असतात, डावी आणि उजवी. मालमसाला तोच, मांडणी उलटी. जसा डावा जोडा आणि उजवा जोडा. आपलं अंग जे तयार करतं ते डावं. आणि ते काढून टाकायला अंगात जो एंझाइम आहे, तोही फक्त डाव्यालाच धरतो.

"आपला मोऱ्या आठवतो का नाना?"

मोऱ्या कसा विसरेल? भावाचा बैल, कायम डाव्या अंगाला जुंपायची सवय. एकदा जोडीदार बैल आजारी पडला म्हणून मोऱ्याला उजवीकडं जुंपला, तर त्यानं औत ओढत ओढत शेजाऱ्याच्या तुरीत नेलं. बैल तोच, ताकद तीच, पण बाजू बदलली की काम शून्य.

"तसंच हाय हे," ती म्हणाली. "तुमचं लहान आतडं कापलं, त्यामुळं गोड नीट पचत न्हाई, तसंच मोठ्या आतड्यात जातं. तिथले जंतू त्याचं लॅक्टिक करतात, डावं बी आन् उजवं बी. डावं अंग काढून टाकतं. उजवं काढायची सोय लई थोडी. ते साठतं आन् डोक्यावर जातं. माणूस डुलतो, बोबडं बोलतो, त्याला आठवत न्हाई. हे वाचलेलं हाय मी. पाहिलेलं न्हाई."

"मग दवाखान्याच्या तपासणीत कावून आलं न्हाई?" कौशल्याबाईनं विचारलं.

इथं पोरीचे डोळे चमकले. तिच्या सगळ्या अभ्यासाचा हाच मुद्दा होता. "कारण काकू, तपासणी करणारा बी तोच डावा एंझाइम! तिथं त्याची पावडर वापरतात. तो लॅक्टिकमधला एक हायड्रोजन उचलतो आन् एका वाहकावर ठेवतो. निकोटिनामाइड नावाचं एक जीवनसत्त्व असतं, त्याच्यापासनं बनलेला वाहक. तो भरला, की यंत्राला दिसतो. यंत्र भरलेले वाहक मोजतं. आता उजवं लॅक्टिक किती बी असू दे, हा गडी त्याला हातच लावत न्हाई. वाहक रिकामे राहतात. यंत्र म्हणतं, सगळं ठीक."

"मग तू काय शिकतीस त्याच्यात?"

"मी बघते, तो हायड्रोजन वाहकाच्या कोणत्या अंगाला ठेवतो ते. वाहकाचं एक चपटं कडं असतं, पोळीसारखं. त्याला दोन अंगं. काही एंझाइम कायम एका अंगाला ठेवतात, काही दुसऱ्या. ज्याचं जे अंग ठरलं ते ठरलं."

गहिनीनाथ पहिल्यांदाच त्या आठवड्यात सरळ बसला. "म्हणजे पोळीच्या एकाच अंगाला तूप लावायचं. आन् चुकून दुसऱ्याला लावलं तर?"

"कोटीत एखाद्या वेळी सुद्धा मुश्किलीनं."

"कोटीत!" गहिनीनाथ शहादेवाकडं वळला. तो उंबऱ्यावर बसून मघापासून ताकाचा विचार करत होता. "ऐकलं का बे? तू एका पंगतीत वीस पोळ्या कोरड्या सोडतोस."

हे सगळं पोरीचं सांगणं झालं. गाव त्यावर कसा विश्वास ठेवणार? पुतणी चुलत्याची बाजू घेणारच. आणि तिलाही पुरावा नव्हताच. अंगात आम्ल चढलेलं असताना रक्त घेतलं, तर कळणार. म्हणजे पुन्हा खायचं आणि पुन्हा तसं व्हायचं.

"मी खातो," गहिनीनाथ म्हणाला. "पन एक. कमिटीचं मानूस उशाशी पायजे."

मोहिनीबाई आधी नको म्हणाल्या. माणसाला मुद्दाम आजारी पाडायचं त्यांच्या मनाला येईना. मग पोरीशी फोनवर अर्धा तास बोलल्या, कागद पुन्हा काढले, आणि म्हणाल्या, माझ्या दवाखान्यात, माझ्या समोर, सलाईन लावून, आणि मी थांब म्हटलं की थांबायचं. गहिनीनाथ तसाच विजयसिंहांच्या वाड्यावर गेला. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दुसऱ्याला कावून पाठवू? मी सोता येतो. तुझ्या तोंडात काय जातंय ते मी बघतो."

तर मंगळवारी सकाळी आठ वाजता बीडच्या त्या दवाखान्यात असा देखावा होता. खाटेवर गहिनीनाथ, उशाशी खुर्चीवर कडक कपड्यात विजयसिंह, पायाशी कौशल्याबाई. सुरुवातीलाच दारूची तपासणी केली. काही नाही. तीन तास विजयसिंह लघवीलासुद्धा उठले नाहीत, गहिनीनाथ गेला तर दारापर्यंत गेले. अकराला प्रियदर्शनीनं जिलेबी आणि मठ्ठा आणला.

"थांब," विजयसिंह म्हणाले. "मला बी तेवढंच वाढ. न्हाई तर उद्या म्हणतील, जिलेबीतच कायतरी घातलं व्हतं."

दोघं समोरासमोर बसून जेवले. विजयसिंहांनी मठ्ठ्याची एक वाटी जास्त मागितली.

एक वाजला, दोन वाजले. काही नाही. विजयसिंह पेंगायला लागले. गहिनीनाथ छताकडं बघत पडला होता. आयुष्यात पहिल्यांदा तो मनातल्या मनात म्हणत होता, चढू दे. नाही चढलं, तर मी नुसता दारुड्याचा पोरगा.

सव्वातीनला मोहिनीबाईंनी त्याला नाव विचारलं. त्यानं सांगितलं, पण जीभ मधेच लोळली. बोट नाकाला लाव म्हणाल्या, ते गालाला लागलं. मग त्यानं मान वळवली, उशाशी बसलेल्या माणसाकडं निरखून बघितलं आणि म्हणाला, "विजयसिंगा, बे, डाळ... डाळ कुटं हाय?"

तीस वर्षांत त्यांना कुणी 'बे' म्हटलं नव्हतं. ते ताडकन उभे राहिले. "डॉक्टरीणबाई, ह्यानं कायबी घेतलेलं न्हाई. माझी पापणी लवली न्हाई," असं म्हणाले, म्हणजे थोडी लवली होती, पण ते सोडा.

रक्त घेतलं. आम्ल चढलेलं. दारू शून्य. दवाखान्याच्या यंत्रावर लॅक्टिक नॉर्मल, जसं पोरीनं सांगितलं होतं तसं. एक नळी बर्फाच्या डब्यात घालून प्रियदर्शनी संभाजीनगरला निघाली, तर विजयसिंहांनी आपली जीप दिली. सलाईन, सोडा, जंतूंवरचं औषध, सगळं सुरू झालं. अंधार पडायच्या सुमाराला गहिनीनाथ शुद्धीवर आला. त्याचा पहिला प्रश्न, "चढलं का?"

"लई," कौशल्याबाई म्हणाली, आणि रडायला लागली. "मी तुमची पिशवी झाडली व्हती."

"बघितलं मी."

"मग बोललात कावून न्हाई?"

"काय बोलू? मला सोताला वाटायलं व्हतं, मी कुटंतरी घेतली का काय."

दुसऱ्या दिवशी बाराच्या सुमाराला प्रियदर्शनीचा व्हिडिओ कॉल आला. विजयसिंह पुन्हा हजर होते, यावेळी खुर्ची न मागता उभे. पोरीनं यंत्राच्या पडद्यावर फोन धरला. "बघा नाना. दोन्हीकडं तुमचंच रक्त, दोन्हीकडं तोच वाहक. ह्या नळीत डावा एंझाइम." एक रेघ जरा वर सरकली आणि आडवी झाली. "एवढी कुणाची बी होते. आता ह्याच्यात जंतूंपासनं काढलेला उजवा एंझाइम घालते."

रेघ उठली ती चढतच गेली. पडद्याच्या वरच्या कडेला जाऊन थांबली. गहिनीनाथ आजवर पाकाची तार बघत आला होता, दोन बोटांत धरून, तुटते का टिकते. तसाच तो त्या रेघेकडं बघत राहिला.

"ही दारू न्हाई?" त्यानं पुन्हा विचारलं.

"दारूचा ह्याच्यात संबंधच न्हाई. आमी ते येगळं तपासलंय."

पथ्य लागलं. दही-ताक बंद, गोड बंद, भाकर-भात दिवसातून सहा वेळा, थोडा थोडा. मोहिनीबाईंनी हे या वेळी कारणासकट सांगितलं. तेव्हा ते ट्रंकेत गेलं नाही.

सप्ताहाच्या पहिल्या दिवशी सकाळी सगळं गाव देवळासमोर जमलं. विजयसिंहांनी माईक घेतला. आपली चूक कबूल करायची त्यांना सवय नव्हती, म्हणून आवाज नेहमीपेक्षा मोठा निघाला. "मंडळी, गहिनीनाथ पेत न्हाई! मी सोता डोळ्यानं बघितलं. त्याच्या पोटातच उजवी दारू तयार व्हती. त्याचा त्याला दोष न्हाई!"

टाळ्या पडल्या. गहिनीनाथ भट्टीपुढं नारळ घेऊन उभा होता. त्यानं नारळ खाली ठेवला. "माईक द्या इकडं."

"कावून रे?"

"द्या तर." त्यानं माईक घेतला. त्याला माईकवर बोलायची सवय नव्हती, तोंड फार जवळ धरलं. "दारू न्हाई. उजवी न्हाई, डावी न्हाई. आम्ल हाय ते. दह्यात जे आंबट असतंय ना, त्याच घरातलं. माझं आतडं कापलंय म्हणून पोटातले जंतू ते करत्यात."

पुढच्या रांगेत भिवराबाई बसली होती, ऐंशी वर्षांची, तिला सगळं विचारल्याशिवाय राहवत नाही. "मंग मी रोज तांब्याभर ताक पेते, मला कावून चढत न्हाई रे?"

"तुझं आतडं पुरं हाय, काकू."

"व्हय का," ती समाधानानं म्हणाली, आणि शेजारणीला आपलं आतडं पुरं आहे हे सांगायला लागली.

विजयसिंह पुटपुटले, "बरं, आम्ल तर आम्ल." हसणारे हसले. गहिनीनाथानं ते थांबू दिलं. मग माईक परत केला, नारळ उचलून फोडला, कपाळाला भस्म लावलं आणि माईक नसताना म्हणाला, "हात साफ हायत, तोंड साफ हाय." मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

पहिली काडी वाऱ्यानं विझली. दुसरीनं भट्टी पेटली. धारूरच्या आचाऱ्याला कळवायचं कुणाच्या लक्षातच राहिलं नव्हतं, तो बिचारा सामान घेऊन आला होता आणि कडेला अवघडून उभा होता. गहिनीनाथानं त्याला दुसऱ्या कढईवर बसवलं. बुंदीचा पहिला घाणा साडेआठला निघाला.